नदीच्या कडेकडेने: सारायेवोची ट्राम आणि आम्ही दोघी, पाच दिवस

मी व्हिएन्नात राहते, आई दरवर्षी पुण्याहून दोन महिने येते आणि इथली ट्राम तिची एकदम लाडकी. कारण तिचं लहानपण परळला गेलं, चाळीच्या खाली मोठ्या रस्त्यावरून दादर टीटीची ट्राम जायची आणि ३१ मार्च १९६४ ला मुंबईतली शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली तेव्हा ती जेमतेम नऊ वर्षांची होती. (दादर टीटी मधलं टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे मला स्वतःला बऱ्याच उशिरा कळलं.) ह्या वेळी कुठे जायचं असं विचारल्यावर ती म्हणाली, डोंगरातलं एखादं गाव बघू, पण मला चढायला लावू नकोस. मी सारायेवो म्हटलं, बोस्नियाची राजधानी. आपल्याकडे साराजेव्हो लिहितात, तिथे सगळे सारायेवो म्हणतात, मी तेच लिहिते.

दिवस १

मोस्तारहून, म्हणजे बोस्नियातल्याच दुसऱ्या एका गावाहून, ट्रेनने आलो. दोन तासांचा प्रवास, अर्धा वेळ नेरेत्वा नदी सोबत आणि मग घाट, बोगदे, पुन्हा बोगदे. आई म्हणाली कसारा घाट आठवला. संध्याकाळी स्टेशनबाहेर आलो तर समोर ट्राम उभी. किऑस्कवर तिकिटं घेतली, आत चढल्यावर मशीनमध्ये पंच केली (हे विसरू नका, न पंच केलेलं तिकीट म्हणजे विनातिकीटच) आणि बाश्चार्शियाला उतरलो. बाश्चार्शिया म्हणजे जुना तुर्की बाजार, मधोमध सेबिल नावाची लाकडी पाणपोई आणि तिच्याभोवती ही एवढी कबुतरं.

घर मात्र बाजाराच्या वर, चढावर. घरमालकीण आईच्याच वयाच्या, नव्वदच्या दशकात युगोस्लाव्हिया फुटला तेव्हाच्या युद्धानंतर काही वर्षं ऑस्ट्रियात काम केलेल्या, त्यामुळे माझं आणि त्यांचं जर्मनमध्ये जमलं. पहिल्याच चहाला, म्हणजे कॉफीला, मी त्यांना मावशी म्हणायला लागले आणि त्याचा अर्थ सांगितल्यावर त्यांना ते आवडलं. आई मराठीत बोलायची, त्या बोस्नियन, आणि दोघींचं काहीही अडत नव्हतं. दुकानाला त्या दुचान म्हणतात, साबणाला सापुन, वस्तीला महाला, म्हणजे आपला मोहल्लाच की. आई दर शब्दाला खूश.

दिवस २

आज फक्त ट्राममध्ये बसायचं असं ठरवलेलं, आणि खरंच तेवढंच केलं.

आधी शहर कसं आहे ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. सारायेवो एका अरुंद खोऱ्यात आहे, साधारण पाचशे मीटर उंचीवर, मधून मिल्यात्स्का नावाची उथळ नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते आणि दोन्ही बाजूंना लगेच डोंगर चढायला लागतात, लाल कौलांची घरं थेट वरपर्यंत. डोंगरातली ट्राम म्हटल्यावर मला वाटलेलं की ती घाट चढत असेल, वळणं घेत असेल. तसं नाहीये. सारायेवोची ट्राम चढतच नाही. ती नदीला धरून खोऱ्याच्या तळातून जाते, वरच्या वस्त्यांतले लोक पायी नाहीतर मिनीबसने खाली येतात आणि ट्राम पकडतात. सगळं शहर त्या एका ओळीवर येऊन मिळतं. आई म्हणाली, म्हणजे वेस्टर्न लाइनसारखं. अगदी तसंच, लांबट शहर आणि मधून एकच कणा.

जुन्या भागात रुळांचा एक लूप आहे. मारियिन द्वोरपासून गाडी नदीकाठाने स्केंडेरिया, पोस्ट ऑफिस, लॅटिन पूल असं करत वियेच्नित्सापर्यंत म्हणजे जुन्या सिटी हॉलपर्यंत जाते, तिथे वळसा घालून बाश्चार्शिया, मग आतल्या रस्त्याने कॅथेड्रलवरून परत मारियिन द्वोर. आम्ही हा लूप सकाळपासून चार वेळा केला. आईला आठवत होतं की मुंबईत टर्मिनसला कंडक्टर खाली उतरायचा, दोरी ओढून टपावरचा दांडा तारेवरून सोडवायचा आणि चालत चालत दुसऱ्या बाजूला फिरवून पुन्हा तारेला लावायचा, कधीकधी ठिणगी उडायची आणि पोरं ओरडायची. इथे दांडा फिरवायची गरजच नाही, अख्खी गाडीच वळते, ह्याचं तिला जरा वाईट वाटलं.

आता इतिहास. १८७८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीने बोस्निया ताब्यात घेतला, त्याआधी चारशे वर्षं ऑटोमन राज्य. १८८२ मध्ये रेल्वे सारायेवोला पोचली, ७६० मिलिमीटरची नॅरोगेज, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा थोडीशीच रुंद. स्टेशन गावाबाहेर होतं, मग स्टेशन ते बाजार लोकांना आणायला १ जानेवारी १८८५ ला घोड्यांची ट्राम सुरू झाली. ३.१ किलोमीटर, डब्यात २८ माणसं, साधारण तेरा मिनिटं. आणि १८९५ मध्ये शहराचं वीजकेंद्र सुरू झालं तेव्हा त्याच विजेवर ट्राम धावायला लागली, १ मे १८९५ पासून. रस्त्यावरचे विजेचे दिवे आणि विजेची ट्राम, दोन्ही सारायेवोला एकत्रच मिळाले.

इथे प्रत्येक गाइड एक गोष्ट सांगतो की व्हिएन्नाच्या लोकांना ट्रामची भीती वाटत होती म्हणून सरकारने आधी सारायेवोत करून बघितली, आणि युरोपातली पहिली ट्राम ती हीच. मला हे खटकलं कारण मी व्हिएन्नात राहते. घोड्यांची ट्राम तिथे १८६५ पासून होती, तेव्हा तो भाग चूक. विजेची पहिली ट्राम बर्लिनजवळ लिश्टरफेल्डला १८८१ मध्ये, बुडापेस्टला १८८७ मध्ये आली, तेव्हा युरोपातली पहिली पण नाही. पण व्हिएन्नात विजेची ट्राम आली १८९७ मध्ये! म्हणजे राजधानीच्या दोन वर्षं आधी ह्या डोंगरातल्या गावात विजेवर ट्राम पळत होती, हे शंभर टक्के खरं आहे आणि मला विचाराल तर तेवढं पुरेसं मोठं आहे, त्याला वरून पहिली-बिहिली जोडायची गरज नाही. आपल्याकडे मद्रासला विजेची ट्राम त्याच वर्षी, १८९५ मध्ये सुरू झाली. मुंबईत घोड्यांची १८७४ ला, म्हणजे सारायेवोच्या अकरा वर्षं आधी, पण विजेची १९०७ ला, बारा वर्षं नंतर.

लॅटिन पुलाशी उतरलो. २८ जून १९१४ ला ह्याच कोपऱ्यावर गाव्रिलो प्रिन्सिपने आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडला आणि त्याची बायको सोफीला गोळ्या घातल्या आणि पहिलं महायुद्ध पेटलं. शाळेत हे दोन मार्कांसाठी पाठ केलेलं. प्रत्यक्षात तो एक साधा कोपरा आहे, समोर छोटा दगडी पूल, आणि दर काही मिनिटांनी मधून ट्राम जाते. आम्ही तिथे अर्धा तास तरी उभ्या होतो. लोक कोपऱ्यावरच्या म्युझियमचे फोटो काढतात, ट्राम मध्ये आली की वैतागतात आणि ती जाईपर्यंत थांबतात. आई ट्रामचेच फोटो काढत होती.

जेवायला झेल्यानित्सा, म्हणजे पालक आणि चीज भरलेली पापुद्र्याची पिता, वरून दही. आईसाठी बटाट्याची पण मिळाली. पोटभर.

दिवस ३

हा दिवस लिहायला मला वेळ लागला.

मारियिन द्वोरपासून पश्चिमेला जो मोठा रस्ता जातो, झ्माया ओद बोस्ने, त्याच्या मधून ट्रामचे रूळ आहेत. एका बाजूला पिवळं हॉलिडे हॉटेल, पूर्वीचं हॉलिडे इन, १९८४ च्या विंटर ऑलिंपिकसाठी बांधलेलं, आणि समोर म्युझियम. इथे रूळ इंग्रजी एस सारखे वळतात. आधी एकीकडे, लगेच दुसरीकडे. ट्रामला इथे वेग कमी करावाच लागतो, चाकं रुळाला घासून कर्रर्र असा लांब आवाज येतो, उभी माणसं वरच्या कडीला धरतात. बस एवढंच आहे बघायला. एक वळण.

एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, म्हणजे १,४२५ दिवस सारायेवोला वेढा होता. बोस्नियन सर्ब सैन्य डोंगरांवर आणि नदीपलीकडच्या ग्रबावित्सामध्ये, शहर खाली खोऱ्यात. ह्या रस्त्याला तेव्हा स्नायपर अॅली म्हणायचे, लपून नेम धरणाऱ्यांची गल्ली. २ मे १९९२ ला नदीकाठी मोठी लढाई झाली, मुख्य पोस्ट ऑफिस जळलं, स्केंडेरियाजवळ ट्राम जागच्या जागी जळून गेल्या, आणि त्या दिवशी ट्राम बंद पडली. १८८५ पासून घोड्यांनी, विजेने, दोन महायुद्धांतून जी चालत आली ती जवळजवळ दोन वर्षं बंद.

१४ मार्च १९९४ ला पुन्हा सुरू झाली. फेब्रुवारीत युद्धबंदी झालेली, पण वेढा उठलेला नव्हता, पाणी-वीज कधी येईल सांगता येत नव्हतं, आणि तरी तारा जोडून, रूळ साफ करून, गोळ्यांनी चाळण झालेल्या गाड्यांमधून त्यातल्या त्यात चालणाऱ्या बाहेर काढून त्यांनी ट्राम चालवली. मावशी म्हणाल्या त्या दिवशी त्यांना कुठेही जायचं नव्हतं. फक्त बसायला गेल्या. शेजारच्या सगळ्या बायका गेल्या, लिपस्टिक लावून.

आणि मग ट्रामवरच गोळ्या सुरू झाल्या. हे मला माहीत नव्हतं. हेगला युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात सर्ब सैन्याच्या सारायेवो कोअरचा जनरल द्रागोमिर मिलोशेविचवर जो खटला चालला त्यात ट्रामवरच्या गोळीबाराच्या घटना एकेक करून तपासल्यात, ८ ऑक्टोबर १९९४, २३ नोव्हेंबर १९९४, ३ मार्च १९९५, अशा. आणि त्यात हे एस वळण आलंय. नदीपलीकडच्या उंच इमारतीत बसलेल्या माणसाला ट्राम इथे हळू होणार हे माहीत असायचं, ती किती वाजता येणार तेही कळायचं आणि ती रूळ सोडून दुसरीकडे जाऊ शकत नाही हे तर उघडच आहे. बस वळवता येते, माणूस पळू शकतो. ट्राम नाही. २००७ मध्ये त्याला ३३ वर्षांची शिक्षा झाली, २००९ च्या अपिलात ती २९ वर्षं झाली.

हे सगळं मी हिस्टोरिकल म्युझियमच्या पायरीवर बसून आईला सांगितलं. आत वेढ्याचं प्रदर्शन आहे, लोकांनी घरात बनवलेल्या चुली, पाण्याचे कॅन वाहायच्या गाड्या, मदतीत आलेले डबे. ते बघून आम्ही दोघी गप्प झालो होतो. आईने एकच विचारलं, मग ड्रायव्हर रोज ड्युटीवर कसे जात असतील गं? मला उत्तर माहीत नव्हतं. संध्याकाळी मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, जायचे. गोळी लागली की गाडी थांबायची, काचा झाडायचे, दुसऱ्या दिवशी परत निघायची.

रात्री आई लवकर झोपली.

दिवस ४

तीन नंबरची ट्राम, बाश्चार्शिया ते इलिजा, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. ही करायलाच हवी कारण तासाभराच्या आत अख्खं शहर वयाच्या क्रमाने समोरून जातं. आधी तुर्की बाजार, मग ऑस्ट्रियन इमारती, मग युगोस्लाव्हियाच्या काळातले उंच उंच ब्लॉक, चेंगिच विला, ओतोका, नेजारिची, आणि शेवटी खोरं रुंद होतं आणि झाडं सुरू होतात.

आम्हाला जुनी टाट्रा मिळाली. आता स्टॅडलर कंपनीच्या नव्या कोऱ्या लो फ्लोअर ट्रामही आल्यात, छान आहेत, आईच्या गुडघ्यांसाठी तर उत्तमच, पण जुनी गाडी दिसली की आई तिच्यातच चढणार. ह्या प्रागच्या टाट्रा के-२, दोन भाग मध्ये भात्यासारख्या घड्यांनी जोडलेले, १९७३ पासून इथे आल्या. तीन पायऱ्या चढायला लागतात, दारं फटाककन मिटतात, आणि गाडी सुटताना आधी खालून एक घरघर येते आणि मग तिचा सूर वर वर चढत जातो.

आम्ही पुढे, ड्रायव्हरच्या मागेच उभ्या होतो आणि आई काचेतून त्याचे पाय बघत होती. मला म्हणाली, अगं हा पायाने चालवतोय! खरंच, मोटारीसारखी पेडल. मुंबईच्या ट्रामला ड्रायव्हरच्या हातात पितळी हँडल असायचं, तो उभा राहून ते गोल फिरवायचा आणि पायाने घंटा वाजवायचा, ठण ठण. इथे उलटं, पायाने वेग आणि ब्रेक. ह्याचं मूळ अमेरिकेत आहे. १९३० च्या दशकात तिथे मोटारींपुढे ट्राम टिकावी म्हणून बऱ्याच ट्राम कंपन्यांनी मिळून एक नवी गाडी तयार केली, पीसीसी तिचं नाव, मऊ चालीची, पटकन वेग घेणारी, पेडलवर चालणारी. टाट्राने युद्धानंतर तेच तंत्र लायसन्स घेऊन वापरलं.

आणि सारायेवोचं त्याच्याशी दुहेरी नातं आहे. टाट्रा यायच्या आधी, १९५८ पासून, सारायेवोने अमेरिकेतल्या वॉशिंग्टन शहराकडून खऱ्याखुऱ्या पीसीसी ट्राम विकत घेतल्या. वॉशिंग्टन आपली ट्राम मोडीत काढत होतं (१९६२ ला तिथली बंदच झाली) आणि कम्युनिस्ट युगोस्लाव्हियातलं हे शहर आपली वाढवत होतं. त्यासाठी १९६० मध्ये ७६० मिलिमीटरचे जुने रूळ काढून मोठ्या गेजचे टाकले आणि गाडी इथे इलिजापर्यंत आणली. विचार करा, त्याच सुमारास जगभर, मुंबईत, वॉशिंग्टनमध्ये, ट्राम म्हणजे जुनाट, रस्ता अडवणारी, काढून टाका असं चाललेलं, आणि ह्यांनी अख्खे रूळ बदलून ती ठेवली. माझं मत विचाराल तर १८९५ पेक्षा १९६० हे वर्ष जास्त मोठं. सुरुवात परक्या सरकारने केली, ठेवायचं मात्र ह्यांनी स्वतः ठरवलं. मुंबईने तेव्हा ठेवली असती तर, असं आई दोनदा म्हणाली आणि मी काही बोलले नाही.

चेंगिच विलाला गाडी थांबली. पुढे कुठेतरी बिघाड, तारेत वीज नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, मागे दुसरी ट्राम येऊन उभी, तिच्यामागे तिसरी. कोणीही काही सांगेना. मग दारं उघडली आणि सगळे उतरून रुळांच्या बाजूने चालायला लागले, शाळेची पोरं, पिशव्या घेतलेल्या बायका, एक म्हातारे काठी टेकत. आई दमली आणि मला राग आला, कमीत कमी सूचना तरी द्यायची. पंचवीस मिनिटांनी गाड्या हलल्या. एकच कणा असला की असं होतं, एका ठिकाणी अडलं की सगळं शहर पायी.

इलिजाला टॅक्सी करून बुतमिरचा बोगदा बघितला. वेढ्यात असताना ह्या लोकांनी विमानतळाच्या धावपट्टीखालून हाताने खणलेला, सुमारे ८०० मीटर, जुलै १९९३ मध्ये पूर्ण झाला, उंची जेमतेम दीड मीटरच्या वर. आता थोडाच भाग आत जाता येतो. वाकून चालताना खाली बघितलं तर रूळ! छोटे, लोखंडी, त्यावरून ढकलगाड्यांतून पीठ, औषधं, जखमी माणसं न्यायचे. कडेने विजेची केबल सुद्धा शहरात नेलेली. वर ट्रामचे रूळ गंजत पडलेले आणि त्याच वेळी जमिनीखाली हे एवढेसे रूळ शहराला जगवत होते. आईने वाकून रुळाला हात लावला आणि मग तोच हात कपाळाला.

दिवस ५

सकाळी रोपवेने त्रेबेविचवर. १९५९ चा जुना रोपवे युद्धात उद्ध्वस्त झाला, नवा ६ एप्रिल २०१८ ला सुरू झाला. वर पाइनची झाडं, गार हवा, ऑलिंपिकचा काँक्रीटचा बॉबस्लेड ट्रॅक सगळा ग्राफिटीने रंगलेला. पण मी बघत राहिले खाली. इथून पूर्ण खोरं दिसतं, नदी दिसते आणि तिच्या बाजूने ट्रामची ओळ, गाड्या माचिसच्या काड्यांएवढ्या, पण दिसतात. वेढ्यात तोफा ह्याच डोंगरावर होत्या. काल-परवा ऐकलेलं सगळं इथे उभं राहिल्यावर कळलं, वेगळं समजवायला कोणी लागलं नाही.

दुपारची फ्लाइट होती. मावशींची बहीण ओतोकाला राहते, त्या म्हणाल्या मी पण निघतेच, तिथपर्यंत सोबत येते. तिघी मिळून बाश्चार्शियाला तीन नंबरमध्ये चढलो. गाडी जवळजवळ रिकामी. आई सवयीने पटकन डावीकडच्या खिडकीत जाऊन बसली, नदीच्या बाजूला. मावशी तिच्याजवळ गेल्या, काही न बोलता तिचा हात धरून तिला उठवलं आणि उजवीकडच्या सीटवर नेऊन स्वतःच्या शेजारी बसवलं. आईने माझ्याकडे बघितलं. मी नुसती मान हलवली.

मारियिन द्वोर गेलं. मग वळण आलं, गाडी हळू झाली, चाकं लांब कर्रर्र वाजली. मावशींचा हात आईच्या मनगटावर तसाच. पिवळं हॉटेल मागे गेलं, म्युझियम गेलं, गाडीने वेग घेतला, तेव्हा त्यांनी हात सोडला आणि पिशवीतून दोन सफरचंदं काढून एक आईला दिलं, एक मला.

ओतोकाला त्या उतरल्या आणि दारं मिटेपर्यंत फलाटावर उभ्या राहिल्या.